दूध, पालु, हालु

नांदेड जिल्ह्यात दुधाला किती नावं आहेत, हे एकदा मोजून पाहावं. देगलूरला मराठी आणि दखनी बोलणाऱ्या घरांत ते दूध, तेलुगू घरांत पालु आणि कन्नड घरांत हालु. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, किनवट-माहूरच्या डोंगरांत, कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, पाल. त्याच डोंगरातले गोंडही पालच म्हणतात. मुखेड-कंधारकडच्या तांड्यांवर गोरमाटीत दूद. आणि नांदेड शहरात सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपास पंजाबी बोलणारे कुणी भेटले, तर दुद्ध.

ही नावं नुसती ऐकली तरी त्यांचे दोन गट आपोआप पडतात. एकीकडे दूध, दूद, दुद्ध. दुसरीकडे पालु, हालु, पाल. राज्यांच्या सीमा, जातधर्म, लिपी यांच्याशी या विभागणीचा संबंध नाही. दखनी बोलणारा मुसलमान शेजारी, तांड्यावरचा बंजारा आणि पंजाबहून आलेला शीख हे तिघं मराठीच्या बाजूला येतात. किनवटचा कोलाम मात्र देगलूरच्या तेलुगू कोमट्याच्या आणि उदगीरच्या कन्नड लिंगायताच्या बाजूला जातो. त्या कोलामाचा त्या दोघांशी कधी रोटीव्यवहार झालेला नसतो, आणि बहुधा त्यांनी एकमेकांची भाषा कधी ऐकलेलीही नसते.

मी उदगीरची. आमच्या वाड्यात शेजारच्या आजी घरात कन्नड आणि अंगणात मराठी बोलायच्या. लग्नानंतर नांदेड जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली. आधी देगलूर तालुक्यात, मग किनवटकडे, शेवटी मुखेडला. भाषाशास्त्र मी कॉलेजात शिकले नाही. पण पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलाला आपलं बोलणं का कळत नाही, हे शोधायचं म्हणजे त्याच्या घरातल्या भाषेच्या मागे लागावंच लागतं. तसं लागल्यावर जे वाचलं, ऐकलं आणि पटलं, ते इथं मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे दोन शब्द सारखे दिसले म्हणून दोन भाषा नात्यातल्या ठरत नाहीत. शब्द फार सहज गावं बदलतात. स्टेशन, बिल, तारीख, वकील हे शब्द मराठीत ठाण मांडून बसलेत, पण त्यामुळे मराठी काही इंग्रजीची किंवा अरबीची मुलगी होत नाही. नातं ओळखायचं असेल तर घरात, शेतात, अंगावर असणाऱ्या गोष्टींचे शब्द बघायचे: हात, कान, पाणी, दूध, एक-दोन-तीन, मी-तू. हे शब्द माणसं सहसा उसने घेत नाहीत. आणि त्यांत नुसतं साम्य शोधून भागत नाही, फरकाचा नियम सापडावा लागतो.

पालु आणि हालु घ्या. तेलुगूत प, कन्नडात ह. एकाच शब्दात असं झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण तेलुगूत दहाला पदि, कन्नडात हत्तु. वाघ पुलि, हुलि. डुक्कर पंदि, हंदि. जुन्या कन्नड शिलालेखांत हे सगळे शब्द ‘प’नेच लिहिलेले आहेत. पुढच्या काही शतकांत कन्नडातला आरंभीचा ‘प’ शब्दामागून शब्दात ‘ह’ होत गेला आणि तेलुगूनं तो सांभाळला. दोन भाषांमधला फरक असा ओळीनं, नियमानं पडलेला दिसला, की त्या कधीकाळी एक होत्या असं म्हणता येतं.

मराठीच्या बाजूचा नियम ऐकायचा असेल तर नांदेडसारखं गाव नाही. संस्कृतात सप्त, हस्त, दुग्ध, कर्ण, कर्म, अष्ट. मराठीत सात, हात, दूध, कान, काम, आठ. मधल्या जोडाक्षरातलं एक अक्षर गळलं आणि आधीचा स्वर लांबला. पण हे एका दमात झालेलं नाही. मधली पायरी प्राकृताची आहे: सत्त, हत्थ, दुद्ध, कण्ण, कम्म, अट्ठ. ही पायरी आपण पुस्तकातच असते असं समजतो. पंजाबी माणसाला मात्र सात म्हणायला सांगा, तो सत्त म्हणेल. हाताला हत्थ, दुधाला दुद्ध, कानाला कन्न, कामाला कम्म, आठाला अट्ठ. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले, इथंच त्यांचं देहावसान झालं आणि तेव्हापासून पंजाबी भाषेचा या गावाशी संबंध जडला. सातवाहनांच्या काळात याच गोदावरीच्या काठी, वर पैठणला, महाराष्ट्री प्राकृत नांदत होती. प्राकृतातली ती दुहेरी व्यंजनं मराठीनं टाकली आणि पंजाबीनं ठेवली. आज ती नांदेडच्या रस्त्यावर पुन्हा ऐकू येतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हाच धागा पुढे नेला की इराण लागतं. फारसीत साताला हफ्त. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी इराणी भाषांत ‘ह’ येतो, हा तिथला नियम: सिंधु आणि हिंदु, सप्त आणि हफ्त. आमच्या गावांत श्रावणात सप्ता बसतो आणि बचत गटाचा हप्ता भरायचा असतो. सप्ता संस्कृतातून आला, हप्ता फारसीतून, आणि दोघांच्या पोटात तोच सात आहे. लॅटिनमध्ये साताला सेप्टेम, इंग्रजीत सेव्हन. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात आणि ती उगमभाषा बहुधा आता उरलेली नाही, असं मांडलं. त्या भाषाकुलाला आज इंडो-युरोपीय म्हणतात. मराठी, गोरमाटी, दखनी, पंजाबी ही त्याच्या भारतीय-आर्य शाखेची मंडळी. मराठी या वाटेनं कशी घडली हे फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी १९२० च्या ग्रंथात एकेक ध्वनी घेऊन दाखवलं. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. ज्याला मराठीचं कूळ पाहायचं आहे त्यानं तो चाळावा. वाचायला अवघड आहे, पण वाया जात नाही.

दुसऱ्या कुळाची ओळख पटायला आणखी तीस वर्षं गेली. तेलुगू, कन्नड, तमिळ यांत संस्कृत शब्द इतके, की त्याही संस्कृतातूनच निघाल्या असं मोठमोठे पंडित मानत. देगलूरच्या माझ्या एका तेलुगू सहशिक्षिकेचंही हेच मत होतं, आणि ती पुस्तकं, पुष्पं, पत्रं असे शब्द भराभर पुराव्याला द्यायची. १८१६ मध्ये मद्रासच्या फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी कॅम्पबेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात दाखवून दिलं की हे शब्द वरून आलेले आहेत. खालचे धातू, सर्वनामं, रूपं घडवण्याची रीत तमिळ-तेलुगू-कन्नडांची एक आहे आणि ती संस्कृतची नाही. १८५६ मध्ये रॉबर्ट काल्डवेल यांच्या तुलनात्मक व्याकरणानं ते पक्कं झालं आणि ‘द्राविडी’ हे कुळाचं नाव रूढ झालं. माझ्या मैत्रिणीला मी फक्त आकडे म्हणायला लावले: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. मग कन्नडातले म्हटले: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. ती म्हणाली, “हे तर आमचेच.”

या सगळ्या अभ्यासात नांदेड-लातूरचं काय झालं, ते सांगायला हवं. जॉर्ज ग्रियर्सन यांचं भारताच्या भाषांचं प्रचंड सर्वेक्षण १८९४ पासून १९२८ पर्यंत चाललं. मराठीचा खंड त्यात आहे, द्राविडीचा आहे. पण मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचं हैदराबाद संस्थान त्यातून वगळलेलं होतं. म्हणजे दोन भाषाकुलं जिथं एकमेकांत मिसळतात, तो आमचा सगळा पट्टाच त्या नकाशावर मोकळा राहिला.

ती उणीव भरायला पुढे आला तो लातूर जिल्ह्यातलाच माणूस. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० साली निलंग्याचा. निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं. महाराष्ट्र त्यांना मराठेशाहीचे इतिहासकार आणि फारसी-उर्दूचे जाणकार म्हणून ओळखतो, आणि १९९२ साली पद्मभूषण मिळालं तेही बहुतेकांना त्याच कामामुळे आठवतं. पण निजामाच्या नोकरीत असताना ते आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि तिथं ते गोंडी आणि कोलामी शिकले. १९५० मध्ये त्यांचं कोलामी भाषेचं व्याकरण हैदराबादला छापून निघालं. आमचा किनवट तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, म्हणजे पगडींनी ज्या बोलीवर काम केलं ती आमच्या डोंगरातल्या कोलामांच्या अगदी जवळची. त्यांच्या मोठेपणाच्या यादीत हे छोटं पुस्तक फार खाली लिहिलं जातं. मला ते सर्वांत वर लिहावंसं वाटतं. एका अधिकाऱ्यानं आपल्या हाताखालच्या सर्वांत गरीब रयतेची भाषा शिकावी आणि तिचं व्याकरण लिहावं, असं आपल्याकडे किती वेळा झालं आहे?

पगडींनंतर पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, मरे एमेनो यांचा कोलामीवरचा ग्रंथ आला. ते मूळचे कॅनडाचे, अमेरिकेत बर्कलीला शिकवायचे, आणि तिसाच्या दशकात हिंदुस्थानात राहून त्यांनी वर्धेकडच्या कोलामांची भाषा टिपून नेली होती. या अभ्यासांमुळे एक जुना समज मोडला. कोलामी म्हणजे मोडकीतोडकी तेलुगू, असं किनवटमध्ये आजही शहाणी माणसं म्हणतात. आकडे ऐकले तर तसं वाटेलही, कारण पाचापासून पुढचे आकडे कोलामांनी तेलुगूतून घेतलेत. पण चारापर्यंतचे त्यांचे स्वतःचे आहेत: ओक्कोद, इंदिंग, मूंदिंग, नालिंग.

कानाचा शब्द तर आणखी बोलका आहे. कन्नडात कान म्हणजे किवि. तेलुगूत चेवि, कारण तेलुगूत इ-ए या स्वरांआधीचा जुना ‘क’ पुढे ‘च’ झाला. कोलामीत कान म्हणजे केव. कोलामी जर तेलुगूची बिघडलेली पोर असती, तर तिनं ‘च’ घेतला असता. एकदा ‘च’ झालेल्या शब्दात जुना ‘क’ पोडावर बसून कुणी परत आणू शकत नाही. म्हणजे तेलुगूत हा बदल होण्याआधीच कोलामीची वाट वेगळी झाली होती. तिचे जवळचे नातलग किनवटमध्ये नाहीत. ते नायकी, बस्तरमधली पर्जी आणि ओडिशा-आंध्राच्या डोंगरातली गदबा. या गटाला मध्य-द्राविडी म्हणतात. तेलुगू आणि गोंडी दुसऱ्या उपगटातल्या, कन्नड आणि तमिळ तिसऱ्या. एका नांदेड जिल्ह्यात द्राविडी कुळाच्या तीन शाखा बोलल्या जातात, आणि हे आमच्या कुठल्याही शालेय पुस्तकात मी वाचलेलं नाही.

वर्गात हे कुळ कसं भेटतं ते सांगते. किनवटकडच्या शाळेत कोलाम मुलं मराठी बोलताना म्हणायची, “बाई, आई शेतात गेलं.” बाप गेला, हे बरोबर. आई मात्र गेलं. तपासणीला आलेले साहेब हसले आणि मुलं गप्प झाली. त्यानंतर काही दिवस ती माझ्याशीही बोलेनात. कोलामीत क्रियापदाला लिंगं दोनच: पुरुष एका बाजूला, आणि बाया, गुरं, झाडं, दगड सगळे दुसऱ्या बाजूला. तेलुगूतही एकवचनात असंच आहे. मुलांच्या मनात आई आणि गाय व्याकरणाच्या एकाच घरात राहत होत्या आणि मराठीत आल्यावर त्यांनी त्या घरासाठी नपुंसकलिंग शोधून काढलं होतं. सहा वर्षांच्या पोरांनी एका कुळाच्या व्याकरणाचा दुसऱ्या कुळात लावलेला तो अर्थ होता. मी मुलांना रागावले नाही. फळ्यावर दोन्ही रकाने काढले आणि मराठीत तिसरा रकाना कुठला, ते दाखवलं.

इथवर रक्ताचं नातं झालं. पण आमच्याकडे भाषांना शेजारही आहे आणि तो भाऊबंदकीइतकाच जुना आहे. भाऊ दूर राहायला गेला की बोलणं बदलतं, आणि शेजाऱ्यापाशी पिढ्यान् पिढ्या बसलं की त्याची ढब अंगात येते.

एक साधं वाक्य घ्या. नांदेडचा मराठी माणूस म्हणतो, “उद्या येतो म्हणून बोलला.” तेलुगू म्हणतो, “रेपु वस्त अनि चेप्पिंडु.” कन्नड म्हणतो, “नाळे बर्तीनि अंत हेळिद.” आणि दखनी बोलणारा म्हणतो, “कल आतूं बोलके बोला.” चारी वाक्यांत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे आधी, मग ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून बनलेला एक शब्द, मग क्रियापद. म्हणून, अनि, अंत, बोलके. शब्द वेगळे, कुळं दोन, पण वाक्याची ठेवण तीच. दिल्लीची हिंदी ‘उसने कहा कि’ म्हणून सुरुवात करते. दखनी तिची सख्खी बहीण, पण शेजार मराठी-तेलुगू-कन्नडांचा, म्हणून ती ‘बोलके’कडे वळली. संस्कृतातही ‘इति’ अशाच जागी यायचं, तेव्हा हे सगळं द्राविडी प्रभावानंच झालं असं ठाम म्हणता येत नाही. पण ‘म्हणून’ आज जितक्या ठिकाणी चालतो, म्हणजे कारण सांगायला, हेतू सांगायला, ‘गंगाखेड म्हणून एक गाव’ असं नाव सांगायलासुद्धा, तसा तो शेजाराशिवाय वाढला असता असं मला वाटत नाही.

आपण आणि आम्ही यांतला फरकही असाच. ‘आपण जाऊ’ म्हटलं की ऐकणारा आत, ‘आम्ही जाऊ’ म्हटलं की तो बाहेर. हिंदीत दोन्हींना ‘हम’. तेलुगूत मात्र मनमु आणि मेमु असे दोन शब्द काटेकोर वेगळे. मराठीसारखीच गुजरातीही हा भेद पाळते, आणि द्राविडी कुळात तो फार जुना आहे. मराठीत चहाबिहा, तर तेलुगू-कन्नडात ‘गि’ जोडून हालु-गीलु. मराठीत चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ निराळे. तेलुगूतही ‘च’चे असे दोन उच्चार आहेत. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द आणि पानाच्या डब्यातला अडकित्ता तर मराठी घरांत दक्षिणेकडूनच आले. १९५६ मध्ये एमेनो यांनीच लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध आहे. वेगवेगळ्या कुळांच्या भाषा एका भूमीवर दीर्घकाळ राहिल्या की त्यांच्यात रचनेची वैशिष्ट्यं पसरतात, आणि त्या अर्थानं भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, असं त्यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना अखंड देश पालथा घालावा लागला. आमच्याकडे देगलूरचा बस स्टँड पुरतो.

हा शेजार किती जुना? नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारी रचलेल्या ‘कविराजमार्ग’ या ग्रंथात कन्नड देशाची हद्द कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. गोदावरी नांदेड शहरातून वाहते. म्हणजे त्या काळच्या समजुतीनं आजचा लातूर जिल्हा आणि नांदेडचा दक्षिण भाग कन्नड मुलखात. राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूर नगराचे स्वामी म्हणवत, आणि ते लत्तलूर म्हणजे आजचं लातूर असं मानतात. श्रीनिवास रित्ती आणि ग. चं. शेळके यांनी १९६८ मध्ये नांदेड जिल्ह्यातले शिलालेख प्रसिद्ध केले, त्यांत कन्नड लेख आहेत. देगलूरजवळचं होट्टल आपण चालुक्यांच्या देखण्या मंदिरांसाठी पाहायला जातो. तिथल्या दगडांवरची भाषाही पाहावी.

याच जुन्या शेजारावरून काही अभ्यासक पुढे जाऊन म्हणतात, मराठीचं मूळच द्राविडी आहे. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ लिहून या विचाराला मराठीत मोठा वाचक मिळवून दिला. त्यांनी दाखवलेली अनेक साम्यं विचार करायला लावतात, आणि मराठीवर दक्षिणेचा हात किती खोल आहे हे त्यांनी लोकांच्या मनावर ठसवलं, हे त्यांचं मोठं काम. पण कूळ ठरवायचं तर पुन्हा हात-कान-दूध-सात आणि त्यांतले नियम यांच्याकडे यावं लागतं, आणि तिथं मराठी पंजाबीच्या, गोरमाटीच्या पंगतीला बसते. अंगणातली वळणं द्राविडी असली तरी मराठीची जन्मनोंद दुसरीकडे आहे. हे मान्य करण्यात कुणाचाच कमीपणा नाही.

दखनीची गोष्टही तशीच. ‘नक्को’ हा मराठीतला नको, ‘वोइच’ आणि ‘ऐसाच’ मधला ‘च’ही मराठीचा. पण ‘बातां’, ‘लोगां’ हे अनेकवचन मराठी नाही. पंजाबीत ‘किताबां’ म्हणतात, तसं ते उत्तरेकडचं आहे. १३२७ साली मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या उत्तरेकडच्या बोली दख्खनमध्ये आल्या आणि इथं मुरल्या. दिल्लीच्या हिंदी-उर्दूनं जे अनेकवचन सोडलं, ते नांदेडच्या इतवाऱ्यात टिकलं.

महाराष्ट्रात कुळं दोनच नाहीत. मेळघाटातली कोरकू ही मुंडा शाखेची, म्हणजे संथाळी-मुंडारीच्या आणि दूरवरच्या ख्मेर-व्हिएतनामीच्या ऑस्ट्रो-आशियाई कुळातली. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलतात, तिचं नातं कुठल्याच कुळाशी सिद्ध झालेलं नाही. अरुण जाखडे यांनी २०१३ मध्ये भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड संपादित केला, त्यात राज्यातल्या या भाषांची मराठीतून ओळख होते. ग्रियर्सनच्या नकाशात कोऱ्या राहिलेल्या आमच्या भागातल्या शिक्षकांनी तरी तो शाळेत ठेवावा.

आता गोरमाटी. मुखेडच्या शाळेत माझ्या वर्गातली कितीतरी मुलं तांड्यावरून यायची. “तारो नाम कांई छ?” असं विचारलं की चेहरे उजळायचे. जयपूरकडचा माणूस ‘थारो नाम कांई छै’ म्हणतो. शेकडो वर्षं लदणीच्या बैलांबरोबर दख्खनभर हिंडूनही या लोकांनी ‘छ’ सोडला नाही. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणात लभाणी म्हणून ही भाषा भिल्ली आणि खानदेशीबरोबर, १९०७ च्या खंडात आहे, राजस्थानी-गुजरातीच्या जवळची म्हणून. हिंदीची बोली म्हणून नव्हे.

आणि जनगणनेत ती हिंदीत धरतात. २०११ मध्ये देशभरातून लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं १९,५६९ निघाली. ती चाळून, जुळवून १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि त्यांची मोट बांधून १० हजारांवर भाषक असलेल्या १२१ भाषा. या शेवटच्या टप्प्यात ३२ लाखांवर लोकांची लमाणी-लंबाडी हिंदीच्या आकड्यात जमा झाली. कोलामी सांगणारे १ लाख २८ हजार, तिला स्वतःची ओळ आहे. ती असायलाच हवी. पण तिच्या पंचवीस पट लोकांच्या गोरमाटीला नाही. भोजपुरी, राजस्थानी यांचंही असंच होतं. नातं जवळचं की लांबचं, हे ध्वनींच्या नियमांवरून ठरतं. या मोटा मात्र प्रशासनाच्या सोयीनं बांधल्या गेल्या, आणि पुढे पाठ्यपुस्तकं, शिक्षक, आकाशवाणी यांच्या मागणीला याच आकड्यांचा आधार लागतो.

२०११ ला मी स्वतः प्रगणक होते. मातृभाषेच्या प्रश्नाला तांड्यावरचे कारभारी म्हणायचे, “बाई, मराठी लिहा की. पोरं शाळेत मराठीच शिकतात.” सूचनापुस्तिकेत मातृभाषेची व्याख्या स्पष्ट होती: लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती. मराठी, हिंदी ज्याला येतात त्याच्यासाठी इतर भाषांचा वेगळा रकाना होता, त्यात दोन भाषा लिहिता यायच्या. मी व्याख्या वाचून दाखवली. कारभाऱ्यांनी आत चुलीकडे बघून म्हाताऱ्या आईला विचारलं. ती म्हणाली, “गोरमाटी.” मी ते तसंच लिहिलं. पुढच्या जनगणनेलाही घरोघर शिक्षकच जाणार आहेत, तेव्हा किनवट, मुखेड, देगलूर, उदगीरच्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगणं एवढंच की तो प्रश्न घाईत उरकू नका. व्याख्या वाचून दाखवा, घरातल्या बायांनाही विचारा, आणि त्या कोलामी, गोंडी, गोरमाटी, कैकाडी जे नाव सांगतील तेच अक्षर न बदलता रकान्यात उतरवा.